पडद्यावरची पंगत

इतिहासाचे व्याख्यान म्हटले की तह, लढाया आणि बखरी यांची अपेक्षा घेऊन आपण येथे येता. आज आम्ही ज्या इतिहासाविषयी बोलणार आहो, त्यात यांपैकी काहीच नाही. हा इतिहास दूरचित्रवाणीवर लहान मुले जी कार्टूने पाहतात त्यांचा आहे. हे ऐकून मागल्या रांगेतील काही मंडळींना हसू आले असेल, तर त्यात त्यांचा दोष नाही. नातवंडे ज्या चित्रांपुढे तासन्‌तास बसतात आणि ज्यांचा आवाज कमी करा म्हणून आपण दिवसातून दहादा सांगतो, त्या चित्रांना कसला आला इतिहास, असे आम्हांसही एके काळी वाटत असे. परंतु समाज आपल्या मुलांना काय शिकवतो हे त्याच्या पाठ्यपुस्तकांत जितके दिसते, त्याहून अधिक ते मुलांच्या करमणुकीत दिसते. पाठ्यपुस्तक लिहिताना माणूस सावध असतो. करमणूक करताना तो तितका सावध नसतो, आणि मनातले बोलून जातो.

विषयाकडे वळण्यापूर्वी एक जुनी आठवण सांगण्याची परवानगी असावी. आमच्या लहानपणी वाड्यात एक मुंज होती. सोप्यावर मुलांची पंगत बसली. रोज आमच्याबरोबर विटीदांडू खेळणारा, आमच्याच वर्गातला एक मुलगा होता. त्यालाही घरून बोलावणे गेले होते. नवा सदरा घालून तो आला. पण त्याचे पान मात्र आमच्या रांगेत नव्हते. पडवीच्या कोपऱ्यात, एकट्याचे मांडले होते. कोणी त्याला टाकून बोलले नाही. जिलबीही वाढली, आग्रहही केला. तो खाली मान घालून जेवला, हात धुतले आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो खेळायला आला नाही. आम्ही त्या वेळी आठ-नऊ वर्षांचे असू. काहीतरी चुकले आहे एवढे कळत होते. काय चुकले ते सांगता येत नव्हते.

पुढे वय वाढल्यावर कळले, की पंगतीला तीन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, बोलावणे कोणाला आहे? दुसरा, पान कोठे मांडले आहे? आणि तिसरा, पानात काय आणि किती वाढले आहे? या तिसऱ्यातल्या भेदाला आपल्या भाषेत पंक्तिप्रपंच असा नेमका शब्द आहे. ज्या समाजाला या गोष्टीसाठी स्वतंत्र शब्द लागला, त्या समाजाला ती किती परिचयाची असेल हे सांगणे न लगे. मुलांच्या कार्टूनांचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास हा आमच्या मते याच तीन प्रश्नांचा इतिहास आहे. तो प्रथम अमेरिकेत आणि मग आपल्या घरी, असा आम्ही सांगणार आहो.

अमेरिकेत दूरचित्रवाणी घरोघर पोचली, तेव्हा मुलांसाठी दाखवायला हाताशी होती ती चित्रपटगृहांसाठी पूर्वी केलेली कार्टूने. त्यांत काळा माणूस नव्हता असे नाही. तो होता, पण जाड ओठांचा, आळशी, भित्रा, कोंबड्या चोरणारा असा होता. म्हणजे पंगतीला बोलावणे होते, ते जेवायला नव्हे, इतरांना हसू यावे म्हणून. १९६८ साली युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीने वॉर्नर ब्रदर्सची अशी अकरा जुनी कार्टूने दूरचित्रवाणीसाठी देणे बंद केले. १९३१ ते १९४४ या काळातली ही चित्रे. चित्रकला उत्तम, संगीत उत्तम, आणि काळ्या माणसाची टवाळी मात्र अशी की ती कापून उरलेले दाखवावे म्हटले तर मागे काही उरत नव्हते. काढून टाकणे ही सुधारणेची पहिली पायरी खरीच. परंतु टवाळी थांबली म्हणजे पान मांडले गेले असे होत नाही. टवाळीचे चित्र गेले आणि त्या जागी बहुतेक ठिकाणी कोणीच आले नाही. काळ्या मुलाने शनिवारी सकाळी दूरचित्रवाणी लावावी आणि आपल्यासारखा एकही चेहरा पडद्यावर नसावा, हा तेव्हाचा नित्याचा अनुभव होता.

त्याच १९६८ सालच्या ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. लॉस एंजेलिसकडे राहणाऱ्या हॅरिएट ग्लिकमन नावाच्या एक बाई होत्या. शिक्षकी पेशातल्या, तीन मुलांची आई. त्या स्वतः गोऱ्या. खुनानंतर अकराव्या दिवशी, १५ एप्रिलला, त्यांनी एक पत्र लिहिले. ते अध्यक्षांना नव्हते की संसदसदस्याला नव्हते. ते एका व्यंगचित्रकाराला होते. चार्ल्स शुल्झ हे त्यांचे नाव. ‘पीनट्स’ ही त्यांची चित्रमाला १९५० सालापासून वृत्तपत्रांत येत होती. चार्ली ब्राऊन हा सदा हरणारा मुलगा आणि स्नूपी हा त्याचा कुत्रा घरोघरी ठाऊक झाले होते, आणि १९६५ च्या नाताळापासून ही मुले दूरचित्रवाणीवर चालू-बोलू लागली होती. बाईंचे म्हणणे साधे होते. या मुलांच्या टोळीत एक काळे मूल असावे. माणसामाणसांतला द्वेष आणि भय कमी करण्याच्या कामी अशा चित्रांचा उपयोग होईल.

शुल्झ यांचे उत्तर आले, ते वाचून आम्हांस या माणसाविषयी आदर वाटला. असे करावेसे वाटते, परंतु आपण काळ्या लोकांवर उपकार केल्याचा आव आणतो आहो असे त्यांना वाटेल, ही भीती आहे, अशा आशयाचे ते उत्तर होते. बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी आपल्या काळ्या स्नेह्यांना शुल्झ यांना पत्रे लिहावयास सांगितले. त्या मंडळींनी कळवले की आमची मुले नायक व्हावीत असा आग्रह नाही. इतर मुलांबरोबर सहज वावरणारे एक मूल दिसले तरी पुरे. किती थोडे मागणे! आणि हे थोडे मागणेसुद्धा एका बाईने टपालाचे तिकीट लावून पाठवले तेव्हा कोठे ऐकू गेले.

३१ जुलै १९६८ रोजी वृत्तपत्रांत फ्रँकलिन हा काळा मुलगा अवतरला. प्रसंग समुद्रकिनाऱ्यावरचा. चार्ली ब्राऊनचा चेंडू पाण्यात वाहून जातो, तो फ्रँकलिन आणून देतो, आणि मग दोघे मिळून वाळूचा किल्ला करतात. फ्रँकलिनचे वडील व्हिएतनामच्या युद्धावर गेले आहेत. बस, इतकेच. समाजसुधारणेचा एक शब्दही नाही. परंतु त्या काळी अमेरिकेतल्या कित्येक गावांत समुद्रकिनारे आणि पोहण्याचे तलाव गोऱ्यांचे वेगळे आणि काळ्यांचे वेगळे असा झगडा ताजा होता, हे लक्षात घेतले म्हणजे या एका चेंडूचे मोल कळते. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्याचे मोल ज्या महाराष्ट्राने १९२७ साली पाहिले, त्या महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना याहून अधिक सांगावयास नको. पुढे फ्रँकलिन गोऱ्या मुलांबरोबर शाळेत बसलेला दिसू लागला, तेव्हा दक्षिणेकडील एका संपादकाने तक्रार केली, की काळा मुलगा असू द्या, पण तो आमच्या मुलांबरोबर एका वर्गात दाखवू नका. बोलावण्याला हरकत नव्हती. हरकत पान कोठे मांडले याला होती. शुल्झ यांनी त्या पत्राकडे लक्ष दिले नाही.

येथे गोष्ट संपली असती, तर ती सुखान्त झाली असती. परंतु इतिहास शहाण्या माणसालाही चकवतो. २० नोव्हेंबर १९७३ रोजी सीबीएस वाहिनीवर याच मुलांचा, थँक्सगिव्हिंग या सणावरचा कार्टूनपट दाखवण्यात आला. हा अमेरिकेतला कृतज्ञतेचा सण. घरोघर मोठे जेवण असते. चार्ली ब्राऊनच्या अंगणात मुले टेबल मांडतात. स्वयंपाक कोणालाच येत नाही, म्हणून टोस्ट, मक्याच्या लाह्या असले काहीबाही वाढले जाते. सारा प्रसंग अतिशय गोड आहे. आणि त्या टेबलाच्या एका बाजूस फ्रँकलिन एकटाच बसलेला आहे. बाकीची मुले दुसऱ्या बाजूस आणि टोकांना. त्याच्या शेजारी कोणी नाही.

श्रोतेहो, हे चित्र आम्ही प्रथम पाहिले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे अमेरिकेचे अंगण राहिले नाही. आमच्या वाड्यातली पडवी उभी राहिली.

हे कोणी मुद्दाम केले, असे आमचे म्हणणे नाही. या चित्राचे एक दिग्दर्शक बिल मेलेंडेझ हे स्वतः मेक्सिकोत जन्मलेले. परकेपणा म्हणजे काय हे त्यांस ठाऊक असणार. शुल्झ यांनी तर फ्रँकलिनसाठी संपादकांचा रोष पत्करला होता. बहुधा ते कोणाच्या लक्षातही आले नसावे. आणि आमच्या मते खरी गोष्ट हीच आहे. दुष्ट माणसाने पान वेगळे मांडले तर त्याच्याशी भांडता येते. भल्या माणसांच्या हातून ते मांडले जाते आणि कोणाच्या लक्षात येत नाही, तेव्हा भांडायचे कोणाशी? आमच्या वाड्यातली माणसेही भलीच होती.

ते चित्र दरवर्षी सणाला दाखवले जाई. पिढ्या बदलल्या, पाहणारांचे डोळे बदलले, आणि हा मुलगा एकटा का, असा प्रश्न मोठ्याने विचारला जाऊ लागला. शेवटी २०२४ साली फ्रँकलिनवर स्वतंत्र कार्टूनपट निघाला. त्याच्या लेखकांत रॉब आर्मस्ट्राँग हे काळे व्यंगचित्रकार होते. शुल्झ यांनी १९९० नंतरच्या काळात यांचेच आडनाव, त्यांस विचारून, फ्रँकलिनला दिले होते. या नव्या चित्रात पुन्हा टेबल आहे, पुन्हा फ्रँकलिन एका बाजूस एकटा आहे. आणि या वेळी लायनस हा मुलगा त्याला आपल्या बाजूस जागा आहे म्हणून बोलावतो. त्या मुलाला टेबलाच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूस जावयास एक्कावन्न वर्षे लागली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या टोळीतल्या इतर प्रत्येक मुलाची काही ना काही खोड आहे. एकाला आपले पांघरूण सोडवत नाही, दुसरा पियानोपुढून उठत नाही, तिसरी सर्वांवर खेकसते. फ्रँकलिनला अनेक वर्षे तशी खोडच नव्हती. तो समंजस, सभ्य, नीटनेटका. ज्या मुलाला चुकण्याची मुभा नाही, त्याला गोष्टीत पुरता वाटा मिळाला असे म्हणता येत नाही. तो पाहुणाच राहतो. २०२४ च्या चित्रात तो गावोगाव बदल्या होणाऱ्या लष्करी माणसाचा मुलगा आहे, त्याला मित्र जोडता येत नाहीत, तो धडपडतो, चुकतो. तेव्हा कोठे तो घरचा झाला.

अमेरिकेतली ही एकच गोष्ट नव्हे. १९७० साली हॅना-बार्बेरा कंपनीने तीन गाणाऱ्या मुलींचे ‘जोसी अँड द पुसीकॅट्स’ हे कार्टून काढले. मूळ चित्रकथेत त्यांतली व्हॅलरी काळी होती. तिच्यासाठी पॅट्रिस हॉलोवे या काळ्या गायिकेची निवड झाली, तेव्हा कंपनीला तिन्ही मुली गोऱ्याच असाव्यात असे वाटू लागले. संगीताचे काम पाहणारे डॅनी जॅन्सन यांनी हॉलोवेला काढण्यास नकार दिला आणि काम थांबवून धरले. अखेर कंपनी नमली. दुसरीकडे, १९६८ सालीच मॅसॅच्युसेट्स राज्यात पेगी शॅरेन यांनी इतर पालकांना जमवून मुलांच्या कार्यक्रमांसाठी एक संस्था उभारली. त्यांच्या वीस-बावीस वर्षांच्या खटपटीचे फळ म्हणून १९९० साली मुलांच्या दूरचित्रवाणीविषयी कायदा झाला, आणि १९९६ साली प्रत्येक केंद्राने आठवड्यास तीन तास मुलांना उपयुक्त कार्यक्रम दाखवावेत असा दंडक आला. २०१९ साली तो बराच सैल करण्यात आला. कायद्याने तास मिळवता येतात. त्या तासांत टेबलाच्या कोणत्या बाजूस कोण बसेल हे कायद्याला ठरवता येत नाही. ते एखाद्या ग्लिकमनबाईंना, एखाद्या जॅन्सनला ठरवावे लागते.

आता अमेरिकेच्या या कथा ऐकून आपण समाधानाने मान डोलवावी, यासाठी आम्ही त्या सांगितल्या नाहीत. दुसऱ्याच्या घरचा पंक्तिप्रपंच लवकर दिसतो. आपल्या घरी काय घडले ते आता पाहू.

आपल्याकडे दूरचित्रवाणी दिल्लीत १९५९ साली आली आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी. कार्टूनांचे काम मात्र त्याआधी मुंबईतच सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये सुरू झाले होते. १९५६ साली डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स हे चित्रकार तेथे शिकवावयास आले. त्यांचा जन्म हिंदुस्थानातच मिशनरी कुटुंबात झालेला. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या तरुणांनी १९५७ साली जातककथेवरून ‘बनियन डिअर’ हे चित्र केले. त्या तरुणांत राम मोहन होते. त्यांचे नाव पुन्हा यावयाचे आहे, ते स्मरणात ठेवावे.

१९७४ साली फिल्म्स डिव्हिजननेच ‘एक, अनेक और एकता’ हे छोटे कार्टून काढले. आपल्यापैकी ज्यांचे बालपण दूरदर्शनच्या एकाच वाहिनीसमोर गेले, त्यांना त्यातले चिमण्यांचे गाणे पाठ असेल. त्याच्या दिग्दर्शिका विजया मुळे. मुंबईत १९२१ साली जन्मलेल्या, विवाहानंतर पाटण्यास जाऊन तेथे शिकलेल्या, पुढे इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या या विदुषीने शिक्षणासाठी चित्रपट हे आयुष्याचे काम मानले. १९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवण्याचा प्रयोग झाला, त्यात मुलांच्या कार्यक्रमांची मोठी जबाबदारी त्यांच्यावर होती. त्यांच्या या कार्टूनाची चित्ररचना भीमसेन यांची, संगीत आपल्या वसंत देसायांचे. गोष्ट जुनीच आहे. पारध्याच्या जाळ्यात पाखरे सापडतात, सारी एकदम उडतात, जाळ्यासकट उडतात, आणि उंदीर ते जाळे कुरतडतात. बागेतल्या मुलांना हे समजावून सांगते ती त्यांची ताई. त्या काळी ज्ञान सांगणारी मुलगी आणि ऐकणारी मुले, हे लहानसे पाऊल नव्हते.

या चित्राविषयी आमच्या मनात अतिशय प्रेम आहे. तरीही एक गोष्ट नमूद करतो. जाळ्यातली पाखरे सगळी सारखी आहेत. सारी मिळून उडाली की सुटका झाली. पण जाळ्यातून सुटल्यावर, खाली उतरल्यावर, दाणे वाटून घेण्याची वेळ येते. तेथे मोठ्या पाखराने अधिक घ्यावे काय? नराने आधी खावे काय? या प्रश्नापर्यंत ते चित्र जात नाही, आणि सात-आठ मिनिटांच्या चित्राने तेथे जावे असा हट्टही बरा नव्हे. एकतेची हाक ही बोलावण्याची हाक आहे. वाट्याचा प्रश्न दुसऱ्या एका मुलीने विचारावयाचा होता.

ती मुलगी म्हणजे मीना. दक्षिण आशियातील देशांच्या सार्क संघटनेने १९९० हे वर्ष बालिकावर्ष म्हणून पाळले आणि १९९१ ते २००० हे दशक बालिकांचे म्हणून जाहीर केले. त्या निमित्ताने युनिसेफच्या बांगलादेशातील मंडळींनी, विशेषतः नील मॅकी यांनी, एका मुलीची कार्टूनमाला काढण्याचे ठरवले, आणि ती मुलगी रेखाटली मुंबईच्या राम मोहन यांनी. अडचण अशी, की ही मुलगी भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ अशा सर्व देशांतील आयाबायांना आपली वाटली पाहिजे. म्हणून अनेक तऱ्हेच्या मुली काढून त्या खेड्यापाड्यांतल्या लोकांना दाखवण्यात आल्या. पोशाख असा निवडला की तो एका देशाचा, एका धर्माचा वाटू नये. नाव असे निवडले की ते हिंदूच्या घरीही असते आणि मुसलमानाच्या घरीही असते. १९९३ साली बांगलादेशच्या दूरचित्रवाणीवर मीना आली, मग आपल्या दूरदर्शनवर, आणि जेथे दूरचित्रवाणी नव्हती तेथे फिरत्या चित्रपटांच्या गाड्यांतून ती गेली. १९४७ सालापासून ज्या देशांना एका पंगतीला बसवणे कोणाला साधले नाही, त्या देशांची मुले या एका मुलीभोवती बसली.

तिच्या गोष्टींपैकी दोन सांगतो. एकीत मीनाला शाळेत जाण्याची इच्छा आहे, पण घरचे फक्त तिच्या भावाला, राजूला, पाठवतात. मग तिचा मिठू पोपट शाळेच्या खिडकीशी बसून अंक शिकतो आणि ते मीनाला शिकवतो. एके दिवशी ती घरच्या कोंबड्या मोजते आणि एक कमी आहे हे तिच्या लक्षात येते. चोर सापडतो, आणि मुलीच्या शिकण्याचा हिशेब बापाला कोंबडीच्या रूपाने कळतो. दुसरी गोष्ट आंब्याची. झाडावर चढून आंबा काढते मीना. घरी त्याची वाटणी होते तेव्हा मोठा वाटा राजूला मिळतो, कारण तो मुलगा. मुलगे अधिक काम करतात ना! तेव्हा दोघे भावंडे एक दिवस कामांची अदलाबदल करतात. संध्याकाळी राजू दमून जातो, आणि मीनाच्या वाट्याला काय काम असते आणि तिच्या ताटात काय पडते, हे त्याला त्याच्याच पोटाने कळते. पुढे ताटे सारखी होतात.

हाच तो तिसरा प्रश्न, आणि तो परक्याच्या पंगतीत नाही, आपल्या स्वयंपाकघरात विचारलेला आहे. आमच्या घरीही साय आणि तूप कोणाच्या पानात आधी पडत असे, आणि बहिणी सर्वांच्या मागून उरलेले कशा जेवत, हे आम्हांस चांगले आठवते. पडवीतल्या त्या मुलाविषयी आम्हांस निदान अस्वस्थ वाटले होते. बहिणींच्या ताटाविषयी तेही वाटले नाही. इतकी ती रीत अंगवळणी पडली होती.

मीनाच्या गोष्टींत आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो राजू. त्याला खलनायक केलेले नाही. तो बहिणीवर माया करणारा साधा मुलगा आहे. त्याला ठाऊक नव्हते, मग ठाऊक झाले, मग तो बदलला. ज्याचे पान भरलेले आहे त्याला शत्रू ठरवले तर तो पान झाकून बसतो. त्याला समोरचे रिकामे पान दाखवले, तर निदान काही मुले आपला घास पुढे करतात. आपल्या महाराष्ट्रात पुढे जिल्हा परिषदांच्या शाळांतून जे मंच उभे राहिले, त्यांचे नाव मीना-राजू मंच असे जोडनाव आहे. ज्याने कोणी हे नाव ठेवले त्याने मर्म ओळखले होते. बहीण एकटीच जागी होऊन भागत नाही.

एका कार्टूनाने मुली शाळेत गेल्या असे आम्ही म्हणणार नाही. सायकली, शाळेतली स्वच्छतागृहे, फीमाफी, शिक्षिका, कायदे आणि अनेक आयांचे मुके कष्ट या सर्वांचे ते फळ आहे. पण आंब्याची गोष्ट पाहिलेल्या मुलीला भांडणासाठी एक उदाहरण मिळाले. लहान वयात न्यायाची कल्पना व्याख्येने येत नाही. ती आंब्याच्या फोडीने येते.

मग आज काय आहे? २००८ सालापासून आपल्याच देशात, हैदराबादेत तयार होणाऱ्या ‘छोटा भीम’ या मालिकेने मुलांना वेड लावले. परदेशी चित्रांच्या गर्दीत धोतर नेसलेला देशी मुलगा नायक झाला याचा आम्हांस आनंद आहे. परंतु पंगतीचे प्रश्न येथेही विचारावे लागतात. त्यातली चुटकी हुशार आहे, धीट आहे. पण तिचे घर लाडवांचे आणि तिचे मुख्य काम बहुधा भीमाला वेळेवर लाडू पोचवण्याचे. लाडू खाऊन पराक्रम करणार तो. आणि भीमाशी हेवा करणाऱ्या दांडग्या मुलाचे नाव काय? कालिया. काळेपणावरून आल्यासारखे हे नाव आपल्या मुलांच्या कानावर हजार वेळा पडते, आणि मग वर्गातल्या सावळ्या मुलाला तेच नाव चिकटते तेव्हा आपण म्हणतो, मुलेच ती, चिडवायचीच. यातही कोणाचा दुष्ट हेतू आहे असे आम्ही मानत नाही. १९७३ च्या टेबलापाशीही तो नव्हता.

काही विचारी मंडळी विचारतात, मुलांच्या खेळात हे समाजशास्त्र कशाला घुसडता? त्यांना निखळ हसू द्या. या आक्षेपात तथ्य आहे, आणि शुल्झ यांची भीतीही हीच होती. उपकाराचा सूर मुलांना लगेच कळतो आणि त्यांना तो आवडत नाही. ज्या चित्रात एक काळा, एक अपंग, एक मुलगी अशी यादी करून पात्रे बसवली आहेत आणि ती सारी उपदेश करतात, ते चित्र मुले बंद करतात, आणि बरोबरच करतात. पण मीनाच्या गोष्टीत मिठू पोपट आहे. तो खोड्या करतो, नको तेथे बोलतो, मुले पोट धरून हसतात. फ्रँकलिनने चेंडू आणून दिला, भाषण दिले नाही. हसवणे आणि सर्वांना जागा देणे यांचे वैर नाही. वैर आहे ते हसवणे आणि हिणवणे यांत फरक न करण्याशी. आणि निखळ हसण्याचा अधिकार ज्याच्यावर हसले जाते त्या मुलालाही असतो, हे आक्षेप घेणारांनी ध्यानात घ्यावे.

तेव्हा आपणांस आमची एवढीच विनंती आहे. नातवंडांना पडद्यापुढून उठवण्याची घाई करण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसा. तिघे-चौघे मित्र पडद्यावर धावत असतील तर त्यांतले निर्णय कोण घेतो ते पाहा. मार कोणाला बसतो, खाऊ कोण करते, खाऊ कोण खाते, हसू कोणाच्या रूपाचे येते ते पाहा. आणि मग मुलांना विचारा. त्यांनी ते आपल्याआधी पाहिलेले असते. आमच्या एका नातीने त्या जुन्या टेबलाचे चित्र पाहून आम्हांस एकच प्रश्न विचारला. तो मुलगा एकटा बसलाय, तर त्याच्या बाजूला कोणी का गेलं नाही?

या प्रश्नाला आम्ही उत्तर दिले नाही. कोल्हापुरास शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलापुढे गाडी थांबवून चहा पीत, ही गोष्ट आम्हांस शाळेत शिकवली होती. ती आम्हांस तोंडपाठ होती. तरीही त्या मुंजीच्या दिवशी, सोप्यावरून पडवीपर्यंतची दहा पावले आम्ही चाललो नाही. आपले पान उचलून त्याच्याशेजारी नेऊन ठेवावे, एवढे सोपे ते काम होते. ते कसे करावे हे आम्हांस कोणी दाखवले नव्हते. शिकवले होते, दाखवले नव्हते. आज कोठल्यातरी घरात एखादे लहान मूल लायनसला जागा करून देताना पाहत असेल, आणि उद्या शाळेच्या डब्याच्या वेळी त्याला ते आठवेल, एवढ्या आशेवर आम्ही आपले हे भाषण पुरे करतो.